थैलीतल्या मीटिंगा

“वेणूबाई, तुम्ही या मीटिंगच्या सदस्य नाही,” देशकर सर तिसऱ्यांदा म्हणाले.

“नाही ना? मंग हे रजिस्टर घेऊन सहीसाठी तुमच्या गाडीमांगं प्लॅटफॉर्मवर कोन पळलं होतं?”

“पळालात तुम्ही. पण ठराव आमचा आहे.”

“ठराव तुमचा, पाय माहे. या ठरावापायी मी सौंसरपर्यंत जाऊन आली. मले बोलू द्या.”

“बोलूनच तर राहिल्या तुम्ही अर्ध्या तासापासून,” कळंबे बाबू खाली मान घालून पुटपुटले. हे आमचे हेडक्लार्क. त्यांचं पुटपुटणं व्हरांड्यापर्यंत ऐकू जायचं.

प्रिन्सिपल तिवारी सर डोळे मिटून बसले होते.

भांडण कॉलेजच्या वेळेवरून होतं. पांढुर्ण्याचं आमचं कॉलेज सकाळी साडेसातला भरायचं आणि बाराला सुटायचं. आता नोटीस लागली होती की सोमवारपासून ते बाराला भरेल आणि पाचला सुटेल. ऐकायला साधी गोष्ट. पण तिगावहून नऊ पोरी सकाळच्या पॅसेंजरने यायच्या आणि दुपारच्या गाडीने परत जायच्या. कॉलेज पाचला सुटलं तर परतीची गाडी दिवेलागणीनंतरची. नऊच्या नऊ बापांनी घरी सांगून टाकलं होतं, अंधारात गाडीतून उतरायचं असेल तर शिक्षण पुरे. आणि पोरीचं शिक्षण पुरे म्हणजे येत्या उन्हाळ्यात दारी मांडव.

भांडणाचा शेवट मी सांगणारच आहे. पण कॉलेजात पाणी भरणारी बाई प्राध्यापकांच्या मीटिंगमध्ये उभी राहून भांडते कशी, ते आधी सांगावं लागेल. दुसऱ्यांची कामं दारोदार नेणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. शेतातून चालून आलं की लुगड्याच्या काठाला कुसळं लागलेली असतात, तसे ते घरी आल्यावर दिसतात. बसल्या बसल्या एकेक उपटते.

*

पहिली गोष्ट म्हणजे मीटिंग व्हायचीच नाही.

कागदावर व्हायची. कळंबे बाबू आपल्या टेबलाशी बसून रजिस्टरात लिहायचे, आमचं गाव मध्य प्रदेशातलं म्हणून शुद्ध हिंदीत: ‘आज दोपहर तीन बजे प्राचार्य महोदय की अध्यक्षता में बैठक प्रारंभ हुई।’ मग ते रजिस्टर माझ्या कापडी थैलीत, आणि मी सात सदस्यांच्या मागे. पाठक मॅडमची सही त्यांच्या स्वयंपाकघरात. देशकर सर नागपूरहून अप-डाउन करायचे, त्यांची सही स्टेशनवर, एक पाय गाडीत. सौंसरचे भाऊसाहेब बाहेरचे सदस्य, संत्र्याचे मोठे बागायतदार. त्यांची सही बागेत, संत्र्याच्या ढिगाशेजारी.

रजिस्टरात तीनला मीटिंग सुरू व्हायची तेव्हा मी सौंसरच्या बसमध्ये असायचे. सगळी मीटिंग माझ्या मांडीवर.

*

मी शाळेची पायरी चढलेली नाही. सौंसरकडच्या कापसाच्या शेतात वाढले. नवरा गेल्यावर पांढुर्ण्याला आले, कॉलेजात माठ भरायला लागले.

अक्षरं मला कोणी शिकवली नाहीत, मी ती घेतली. सही आणायला गेले की दारावर नावाची पाटी असायची, आणि तेच नाव रजिस्टरात असायचं. ही वळणं आणि ती वळणं मी ताडून बघायचे. माझी बाराखडी लोकांच्या दारांवर झाली. ‘ढ’ मला कित्येक दिवस येत नव्हता, कारण त्या अक्षराचा एकही माणूस स्टाफमध्ये नव्हता. मग ढोबळे सर बदलून आले.

देशकर सर गाडीत वाचून झालेला पेपर मला द्यायचे. फेकून देत नव्हते, घडी घालून द्यायचे. हे मी विसरलेले नाही, त्यांच्याशी भांडतानाही विसरले नव्हते.

*

आयुष्यात पहिलं अख्खं वाक्य मी सौंसरच्या बसमध्ये वाचलं. पांढुर्ण्यात सुरू केलं, सौंसरला पुरं झालं. ‘पेयजल की व्यवस्था संतोषजनक पाई गई।’

पेयजल म्हणजे माझे माठ. अंगावर काटा आला. तोवर कोणी तोंडाने म्हटलं नव्हतं की बाई, पाणी थंडगार असतं तुझं. आणि इथे प्राचार्यांच्या अध्यक्षतेखाली लिहून ठेवलं होतं.

परत आल्याबरोबर कळंबे बाबूंना गाठलं. “बाबू, संतोषजनक कोनाले वाटलं?”

“कोनालेच नाही, बाई. ते दर जुलैले लिहाच लागते.”

तरी दुसऱ्या दिवसापासून मी माठ दोनदा घासायला लागले. कागदाची लाज राखावी लागते.

*

वाचता यायला लागलं तसं मला दिसायला लागलं.

भूगोलाला एक नवे सर आले होते. ते वर्ध्याला स्वतःच्या लग्नाला गेले, आठ दिवस रजेवर. परत आल्यावर मी रजिस्टर घेऊन गेले. त्यांनी सही ठोकली. बाहेर येऊन मी वाचलं. त्यांच्या विवाहाबद्दल अभिनंदनाचा ठराव होता, आणि त्या ठरावाला अनुमोदन दिलं होतं त्यांनीच. रजिस्टराप्रमाणे तीन वाजता. त्या तीन वाजता नवरदेव वर्ध्यात घोड्यावर होते.

कळंबे बाबूंना बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. “मंग? या महिन्यात अनुमोदनाची पाळी त्यायचीच होती.”

*

पाठक मॅडम स्टाफमधल्या एकट्या बाई. लायब्ररी त्यांच्याकडे होती. एकदा मी गेले तर दोन्ही हात कणकेत.

“वेणूबाई, तुम्हीच वाचा हो. नुसतं कशावर सही करायची ते तरी कळू दे.”

मी वाचलं: ‘पाठक मैडम ने सुझाव दिया कि ग्रंथालय शनिवार को बंद रखा जाए।’

“कोणी सुझाव दिला?”

“तुम्ही.”

“अहो, मी वर्षभर सांगते आहे की शनिवारीही उघडं ठेवा.”

“इथं तर बंद ठेवून राहिल्या तुम्ही.”

त्यांनी सही केली नाही. रजिस्टरात पहिल्यांदा एक जागा रिकामी राहिली, आणि ती रिकामी जागा घेऊन मी कॉलेजात आले तेव्हा कळंबे बाबूंना घाम फुटला.

तिवारी सरांनी बोलावलं. म्हटलं, आता आपली नोकरी गेली. घरी काय सांगायचं ते मी जिन्यातच ठरवलं होतं.

सरांनी विचारलं, “पढ़ना किसने सिखाया?”

“तुमच्या दारावरच्या पाटीनं, सर.”

ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, “अगली बैठक सचमुच होगी। और आज से रजिस्टर जहाँ, वेणूबाई वहाँ।”

दुसरा साहेब असता तर पाणीवालीच्या वाचण्याचा त्याला राग आला असता. या माणसाने मला दाराशी स्टूल ठेवून दिलं. त्या स्टुलावर मी पुढची सगळी वर्षं बसले, आणि आजही कोणी खुर्ची दिली की मला ते स्टूल आठवतं.

*

खरीखुरी मीटिंग भरली तर कुठे बसायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. भाऊसाहेब सौंसरहून संत्र्यांची टोपली घेऊन आले. देशकर सरांशेजारी बसले, एक संत्रं सोलून त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं, “आपन कोन?”

“मी देशकर. इतिहास.”

“हौ का? चार वर्षांपासून तुमच्या सहीखाली सही करून राहिलो मी. अक्षरावरून तुम्ही मले जाडे वाटले होते.”

*

दोन-तीन मीटिंगा अशा झाल्या. मग परीक्षा आल्या, संत्र्याचा बहार आला, आणि रजिस्टर पुन्हा माझ्या थैलीत आलं. फरक एवढाच की आता दर ठिकाणी मी मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि मगच सही.

इथे माझी चूक झाली, ती मी लपवत नाही.

सातवा ठराव असा होता: ‘समय-सारणी में आवश्यक संशोधन हेतु प्राचार्य महोदय को अधिकृत किया गया।’ हे मी प्लॅटफॉर्मवर वाचलं. पाठक मॅडमकडे वाचलं, त्या तेव्हा वरणाला फोडणी देत होत्या. सौंसरला बागेत वाचलं. माझं वाचन तोवर इतकं सफाईचं झालं होतं की भाऊसाहेब म्हणाले, “बाई, तुम्ही तं रेडिओवानी वाचता.” मी फुगले. कोणी विचारलं नाही की याचा अर्थ काय. मीही विचारलं नाही. वाचता येणं आणि कळणं यात किती कोस असतात ते मला ठाऊक नव्हतं. माझा दोष मी पदरात घेते, सात जणांनी आपापला घ्यावा.

*

आठ दिवसांनी नोटीस लागली.

तिगावच्या पोरी सुट्टीत माझ्या माठांपाशी बसून भाकर खायच्या. त्यात चंदा म्हणून एक होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तिला शिक्षिका व्हायचं होतं. लायब्ररीतल्या पुस्तकांना ती घरून आणलेल्या वर्तमानपत्राची कव्हरं घालायची, परत करताना कव्हर तसंच ठेवायची.

त्या दिवशी तिने डबा उघडलाच नाही. “मावशी, सोमवारपासून आम्ही येत नाही.”

“कावून?”

तिने नोटीस सांगितली. बाप काय म्हणाला तेही. मी म्हटलं, “असा ठराव झालाच नाही. मी सारं वाचलं हाय.”

“सातवा वाचला का, मावशी? नोटिशीत त्याचंच नाव हाय. संशोधन म्हंजे बदल.”

हेच शब्द मी माझ्या तोंडाने सात जणांना ऐकवून आले होते.

सरळ तिवारी सरांच्या खोलीत गेले. टेबलावर रजिस्टर ठेवलं आणि सांगितलं, “मीटिंग भरवा, सर. सातव्यावर बोला. नाहीतर आजपासून हे मी उचलत नाही.”

त्यांनी मीटिंग भरवली. हे त्यांचे उपकार. भाऊसाहेबांनाही निरोप गेला, ते बसने आले. तिगावच्या पोरी दुपारच्या गाडीला वेळ होता तोवर बाहेर व्हरांड्यात बसून राहिल्या.

*

देशकर सर खोटं बोलत नव्हते, हे मला लिहिलंच पाहिजे.

“नागपूरची गाडी इथे नऊला लागते,” ते म्हणाले. “आम्हा तिघांचे पहिले पीरियड रोज बुडतात. दीडशे पोरांचं नुकसान होतं आहे. ते दिसत नाही तुम्हाला, नऊच दिसतात.”

“बुडते ना? मंग गाडी सोडा, गाव धरा.”

“माझं घर नागपूरला आहे.”

“त्यायचं तिगावले हाय. तुम्ही बिऱ्हाड हलवू शकता, त्या पोरी बाप हलवू शकत नाही.”

पाठक मॅडम माझ्या बाजूने बोलल्या. भाऊसाहेब म्हणाले, दोन्ही बाजू बरोबर आहेत, आणि कोणालाच त्याचा उपयोग झाला नाही. कळंबे बाबूंनी नियम सांगितला की सात सह्या झालेला ठराव मोडायला पुन्हा सात सह्या लागतात. आणि मग देशकर सरांनी ते वाक्य काढलं, की मी सदस्य नाही.

भांडणाचं फळ आधी सांगून टाकते. कॉलेज सकाळचंच राहिलं. देशकर सरांनी आणि दुसऱ्या दोघांनी स्टेशनजवळ एक खोली केली, आठवड्यातले चार दिवस ते तिथे राहायचे, स्वतः खिचडी लावायचे. निवृत्त झाल्यावर भेटायला आले तेव्हा म्हणाले, “माझं निम्मं आयुष्य त्या गाडीतच गेलं असतं, वेणूबाई. तुम्ही उतरवून घेतलंत.” चंदा बी.ए. झाली, पुढे शिकली, सौंसरकडच्या शाळेत पोरांना शिकवलं तिने. बाकीच्या आठांपैकी सहा पार झाल्या. दोघींची लग्नं मधेच झाली, ती मला थांबवता आली नाहीत. एवढी माणसं त्या खोलीत होती, त्यातल्या एकानेही माझ्यावर डूख धरला नाही. एवढं भांडून हे किती जणांच्या नशिबी येतं?

लोक विचारतात, तू तेव्हा असं बोललीस तरी काय?

झालं असं की बोलून बोलून सगळे थकले. तिवारी सरांनी डोळे उघडले. “पास हुआ प्रस्ताव है। रहने दीजिए।” कळंबे बाबूंनी लगेच रजिस्टर ओढून लिहिलं: ‘महाविद्यालय का समय बारह से पाँच रहेगा।’ सह्या फिरल्या. पाठक मॅडम पेन हातात घेऊन नुसत्याच बसून होत्या.

“वेणूबाई,” तिवारी सर म्हणाले, आवाजात राग नव्हता, “लड़कियाँ बाहर बैठी हैं। आप ही जाकर उन्हें यह पढ़कर सुना दीजिए। बात यहीं ख़त्म।”

मी रजिस्टर घेतलं. दारापर्यंत गेले. दार अर्धं उघडं होतं, पोरी उठून उभ्या राहिल्या होत्या, सगळ्यांची नजर माझ्या हाताकडे. मी वळले, परत आले आणि रजिस्टर त्या ओळीशी उघडून टेबलाच्या मधोमध ठेवलं.

म्हटलं, “मले वाचता येते, सर, पन हे त्या पोरींपुढं माह्या तोंडातून निघत नाही, तुमच्यातल्या ज्याच्या तोंडातून निघन, त्यानं उठावं.”