उलटी मात्रा

छापखान्यातल्या काकूंच्या नजरेतून चूक सुटत नाही, असं गल्लीत सगळेच म्हणत. बावीस वर्षं त्या खिडकीपाशी बसून प्रुफं तपासत होत्या. संगणक आला तसा त्यांनी त्यालाही कामाला लावला. अनोळखी शब्दाखाली तो लाल नागमोडी रेघ ओढायचा. शब्द बरोबर असला, तर काकू तो त्याच्या कोशात भरायच्या. "शिकवू तसं शिकतो बिचारा, उलट उत्तर देत नाही," असं म्हणायच्या, नेमकं सूनबाईला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

सूनबाई शेजारच्याच टेबलावर अक्षरजुळणी करायची. एका सकाळी कोपऱ्यावरच्या कॅफेचं नवं मेनूकार्ड लावताना ती थबकली.

"आई, इंग्रजीतल्या 'café' शब्दात शेवटच्या अक्षरावरची तिरकी रेघ आपल्याकडे उलटी आहे."

"उलटी कशी असेल? संगणक काही बोलला का?"

"कसा बोलेल? तुम्हीच हा शब्द कोशात भरलाय."

काकूंनी कपाटातला जाडा इंग्रजी कोश काढला, भिंग धरलं. त्यात रेघ उजवीकडून खाली उतरत होती. कार्डावरची त्यांची डावीकडून, आपल्या मात्रेसारखी. हाताला लहानपणापासून तेच वळण. सहा वर्षांपूर्वी संगणकाने लाल रेघ ओढली होती, आणि त्यांनी त्यालाच गप्प केलं होतं. तेव्हापासूनची सगळी कार्डं आणि त्यांवरून रंगवलेली दुकानाची पाटीसुद्धा तशीच.

"गुपचूप सरळ करते," सूनबाई हळूच म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना!" काकूंनी चपला घातल्या. बावीस वर्षांचं नाव आज जाणार, असं वाटून कॅफेपर्यंतची शंभर पावलं त्यांना फार लांब वाटली.

कॅफेवालीने सगळं ऐकलं, बाहेर येऊन पाटीकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! एक आजोबा रोज मान वाकडी करून पाटी बघतात. मला वाटायचं, त्यांची मान धरलीय!" हसू ओसरल्यावर म्हणाली, "कार्डं सरळ करा, काकू. पाटीचं बघू पुढच्या रंगाच्या वेळी. आणि तपासायचं काम तुमच्याचकडे हं."

परत येऊन काकूंनी तो शब्द संगणकाच्या कोशातून काढला. क्षणात त्याच्याखाली लाल रेघ उमटली.

"बघा आई," सूनबाई म्हणाली, "उलट उत्तर देतो की!"

"देऊ दे," काकू चष्मा पुसत म्हणाल्या. "बरोबर असलं की द्यावं."