केनवडात नारळ

आमच्या घरात चार माणसं जमली की चहा उकळायच्या आत आबांचा विषय निघतो. एकानं किस्सा सांगावा, तर दुसऱ्याला वेगळाच आठवतो. शेतातल्या तरोट्यासारखं आहे हे, उपटावं तितकं उगवतं! आबा म्हणजे माझे आजोबा, गणपतराव. गाव केनवड, काळ इंग्रजांचा. शेतातली कपाशी-ज्वारी घरासाठी आणि अंगणातली झाडं स्वतःसाठी, अशी त्यांनी वाटणी केली होती.

* * *

आत्याला पाहायला पाहुणे आले. मुलगा शिकलेला, देखणा. बोलता बोलता त्यानं सहज लिंबाचं पान तोडलं, चुरगाळलं, टाकून दिलं. झालं, इंटरव्ह्यू तिथंच संपला!

पुढच्या मुलानं पेल्यात उरलेलं पाणी उठून जास्वंदीच्या बुडाशी ओतलं. आबांनी लग्न तिथल्या तिथं फायनल केलं. आजी दबक्या आवाजात म्हणाली, "अवो, पत्रिका तरी पाहा!"

"आत्ताच पाह्यली ना!"

* * *

रहीमचाचा आबांचे लहानपणापासूनचे दोस्त. गावात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. एकदा त्यांच्या बकरीनं आबांची पेरूची रोपं फस्त केली. आबा भांडले नाहीत. त्यांनी बकरीच आणून आमच्या गोठ्यात बांधली.

"गनपत, माही बकरी दे."

"माहे पेरू तिच्या पोटात हायेत. लेंड्या खतात जमा होऊ दे, मंग ने!"

बकरी पावसाळाभर आमच्याकडे राहिली. दूध मात्र चाचा रोज येऊन काढून न्यायचे!

* * *

हेच चाचा दुकानाचा माल आणायला अकोल्याला गेले, तेव्हा तिथून कोंब फुटलेला नारळ घेऊन आले. आबांनी तो अंगणात लावला. सगळं गाव हसलं. "आबा, वऱ्हाडात कुठं नारळ येते का?"

"त्याले सांगू नका, म्हणजे झालं!"

उन्हाळ्यात विहीर आटली, तेव्हा आबांनी फर्मान काढलं: घरातल्या प्रत्येकानं अंघोळ नारळाजवळच्या दगडावर करायची. पाहुण्यांनाही सूट नाही. शेतसाऱ्याच्या तपासणीला आलेल्या साहेबाला त्यांनी पाय धुवायला तिथंच उभं केलं. आजी कपाळाला हात लावायची. "देवाच्या आंदी यांच्या नारळाले पानी!"

* * *

वर्षांमागून वर्षं गेली. नारळ उंच झाला, पण फळ नाही. बैलगाडी वळायला अडचण होते म्हणून काकांनी कुऱ्हाड काढली. आबा बुंध्याला पाठ लावून बसले, जेवणही तिथंच मागवलं. "आंदी मले तोडा." काकांनी कुऱ्हाड ठेवून दिली. आम्हाला तेव्हा आबांचा फार राग यायचा, आणि अभिमानही तितकाच वाटायचा.

* * *

शेवटी एक नारळ धरला. एकच! तो वाळून खाली पडला, तेव्हा मारुतीपुढे फोडायला अख्खं गाव जमलं. तोवर आबांना नीट दिसेनासंही झालं होतं. त्यांनी नारळ काखेत मारला, कुदळ घेतली आणि सरळ रहीमचाचांचं घर गाठलं. आम्ही सगळे मागे.

चाचांनी अंथरूण धरलं होतं. अन्न सोडलं होतं, कुणाशी बोलतही नव्हते. आबांनी त्यांच्या दारासमोरच खणायला सुरुवात केली.

आतून क्षीण आवाज आला. "गनपत, काय करून राह्यला?"

"नारळ लावून राह्यलो."

"मी काही आता त्याचं फळ पाहात नाही, भाऊ."

"फळाचं कोन बोलून राह्यलं? पानी कोन टाकीन? मी का रोज येऊ इथं?"

 आत खाट करकरली. भिंतीला धरत धरत चाचा दारात आले, हातात उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या. खड्ड्यात वाकून पाहिलं.

"सरक तिकडं. उथळ खनला."