डाव्या बाजूचा ब्रेक

माझ्या मावशीच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या काकांनी, आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मावशीही चारचौघांत मास्तरच म्हणते, फक्त तिच्या तोंडी त्या शब्दाला थोडी धार असते. रस्त्यात कुणी इशारा न देता वळला की काका लांबूनच निकाल देतात, "हा माझ्याकडचा नाही." आणि कुणी नीट गाडी लावली की तो त्यांचाच विद्यार्थी, मग तो बिचारा कालच परगावाहून आलेला का असेना.

गाडी शिकवायची त्यांची शाळा बंद झाली, पण शाळेची गाडी काकांनी ठेवून घेतली. टपावरची पाटी उतरवली तरी तिच्या स्क्रूची भोकं राहिली, मागच्या काचेवर लाल अक्षराची पुसट खूण राहिली, आणि डाव्या सीटसमोर मास्तरांचा ब्रेक राहिला. शिकाऊ माणूस गांगरून भलतंच काहीतरी दाबायला लागला की शेजारी बसलेल्या मास्तरांनी दाबायचा, तो दुसरा ब्रेक. आता काका उजवीकडे बसून गाडी चालवतात आणि मास्तरांच्या जागेवर मावशी बसते. ज्या माणसाने साऱ्या गावाला "आधी आरसा बघा" म्हणून झापलं, तो आपल्याच गाडीत कायमचा शिकाऊ झाला. मावशीला स्वतःला गाडी येत नाही, पण त्यावाचून तिचं कधी काही अडलेलं मी पाहिलं नाही.

समोर ट्रक दिसला की तिचा पाय त्या ब्रेकवर जायचा. गाडी गचका खायची. काका स्टिअरिंगवर हात आपटून विचारायचे, "गाडी कोण चालवतंय?"

"तेच बघतेय," मावशी म्हणायची.

हे भांडण इतकं मुरलेलं होतं की एखाद्या फेरीत ते झालं नाही तर मागच्या सीटवर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

मग काका आजारी पडले, हॉस्पिटलात राहून आले. बरे झाले, पण चहाचा कप बशीवर ठेवताना बारीक किणकिण व्हायला लागली. ती आम्ही सगळे ऐकायचो आणि सगळेच दुसरीकडे बघायचो. पुढे काही महिन्यांनी गाडी डावीकडे ओढायला लागली. सरळ रस्त्यावर काका स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरायचे, तरी गाडी आपली कडेकडे सरकायची.

"तुझा पाय आहे ब्रेकवर," काका म्हणाले.

मला वाटलं, आता मावशी सोडत नाही यांना. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लागला असेल."

मावशीने आपली चूक इतक्या सहज कबूल केल्याचं आमच्या घरात कुणाच्याही आठवणीत नाही. शिवाय ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंची चाकं सारखीच धरली जातात, नुसत्या पायाने गाडी एका अंगाला ओढत नाही. हे काका शिकाऊ लोकांना पहिल्याच आठवड्यात शिकवायचे. म्हणजे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, त्यांना ते आठवायचंच नव्हतं. मी म्हटलं, गॅरेजमध्ये दाखवू या. तर म्हणाले, "गॅरेजात गाडी एक दुखणं घेऊन जाते आणि दोन घेऊन येते." खरी भीती वेगळी होती. मेकॅनिकने सगळं तपासून "मास्तर, गाडीत काही दोष नाही" असं सांगितलं असतं, तर दोष द्यायला त्यांचे हातच उरले असते.

त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, दुसऱ्या शहरात असते. ती आली तेव्हा गाडी एका उभ्या टेम्पोच्या इतक्या जवळून गेली की तिने डोळेच मिटले. घरी उतरल्यावर ती म्हणाली, "बाबा, आता गाडी बस झाली. मी पुढच्या रविवारी येते, तेव्हा चावी माझ्याकडे द्या." काकांनी जन्मात कधी नाकावर माशी बसू दिली नव्हती. त्यांनी मान खाली घालून "बघू" म्हटलं, आणि मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात बाजारातून परत आल्यावर आम्ही पिशव्या उतरवत होतो. शेजाऱ्यांची मांजर आली आणि पुढच्या डाव्या चाकाला पाठ लावून बसली.

"ही मेली रोज याच चाकापाशी का येते गं?" मावशी मला म्हणाली. "त्या बाजूला जागा नाही का?"

मी सहज हात पुढे केला. चाकाजवळ चांगलीच धग होती. पलीकडे जाऊन उजव्या चाकाशी हात नेला, ते जेमतेम कोमट. काकांना सांगितलं तर त्यांनी येऊन सरळ चाकालाच बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. चटका बसल्यावर एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. बोट तोंडात घालून ते म्हणाले, "कॅलिपर."

चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते. ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो तो कॅलिपर. पाय उचलला की चिमटी सुटायला हवी. या चाकाची सुटत नव्हती, म्हणून ते तापत होतं आणि गाडीला आपल्याकडे ओढत होतं. निदान काकांचा अंदाज तसा होता. आता तरी गॅरेजला देतील असं वाटलं, पण नाही. "मी स्वतः उघडून बघणार," म्हणाले. मावशीने हात टेकले आणि जुन्या चिंध्या काढून दिल्या.

शनिवारी सकाळी अंगणात मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला, चाक उतरवलं. काकांनी बोल्ट सैल करून कॅलिपर तबकडीवरून काढला आणि ब्रेकच्या नळीला ताण बसू नये म्हणून तारेने वर टांगला. आतल्या बाजूचं पॅड, म्हणजे तबकडीला घासणारी पट्टी, झिजून पत्र्याला लागलं होतं, बाहेरचं त्या मानाने बरं होतं. चिमटी दाबणाऱ्या पिस्टनवरचं रबर फाटलं होतं, आत पाणी शिरून गंज धरला होता. ते बघून काका चक्क गुणगुणायला लागले.

"आत बस," त्यांनी मावशीला सांगितलं, "आणि ब्रेक दाब. तेलाच्या जोराने पिस्टन बाहेर येईल."

मावशी उठली नाही. "उजवीकडे बसू?"

"तुझ्या जागेवर बस की. तुझ्याकडे ब्रेक आहे."

ती डावीकडे जाऊन बसली. काका चाकाशी वाकले. "दाब."

"दाबतेय."

"जोरात दाब. एरवी तर गाडी उभी करतेस."

"दाबतेय म्हटलं ना."

पिस्टन जागचा हलेना. काका उठले, मावशीच्या बाजूने वाकून त्यांनी हाताने तो ब्रेक दाबला. तो अगदी सहज आत गेला आणि स्प्रिंगने परत वर आला. काकांनी माझ्याकडून टॉर्च घेतला आणि खाली डोकं घातलं. त्या ब्रेकची तार सोडवलेली होती. ती खडखडू नये म्हणून साडीच्या काठाच्या चिंधीने नीट बांधून ठेवली होती. ती गाठ मेकॅनिकची नव्हती.

"हे कधीपासून?"

"तुम्ही हॉस्पिटलातून आलात तेव्हापासून," मावशी समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. "पहिल्यांदा गाडी काढलीत, आणि चौकात मी घाबरून दाबला. मागची बस टेकता टेकता राहिली. तुम्ही काहीच बोलला नाहीत. भांडला असतात तर चाललं असतं मला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला सांगून सोडवून घेतला."

"म्हणजे तुझा पाय…"

"असतो तिथेच. सवयीने. नुसता."

"मग 'लागला असेल' का म्हणालीस? इतके महिने मी तुला बोलतोय."

मावशीने पदराने हात पुसले. "पाय नाही म्हटलं असतं तर तुमचे हात उरले असते. म्हटलं, माझा पाय असू दे."

काका चिंधीने बोटं पुसत राहिले, त्यांतली काही आधीच स्वच्छ होती. मी पाना शोधायला घरात गेले. पाना माझ्या हातातच होता.

मी परत आले तेव्हा मावशी उजव्या सीटवर बसलेली होती. साऱ्या गावाला गाडी शिकवणाऱ्याची बायको पहिल्यांदाच त्या जागेवर बसली होती आणि स्टिअरिंगला हात न लावता अंग चोरून होती. तिने ब्रेक दाबला, दाबला, आणि पिस्टन तांबडं तेल गाळत बाहेर आला. दुकानातून नवा पिस्टन, नवी रबरं आणि नवे पॅड आणले. काकांचे हात कापत होते, ते लपवण्यात अर्थ नाही. आतलं रबर खाचेत बसवताना दोनदा निसटलं आणि काकांनी मेकॅनिकच्या पूर्वजांचा उद्धार केला, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसताना. मग ते बसलं. हात कापणं आणि चाक अडणं ही दोन वेगळी दुखणी होती, एवढं त्या दिवशी सिद्ध झालं.

शेवटी नळीतली हवा काढायची होती. काका चाकाशी, मावशी ब्रेकवर.

"दाब. धरून ठेव. आता सोड."

"किती वेळ धरू?"

"मी सांगेपर्यंत."

"शिकवणी सुरू केलीत वाटतं."

"फी नंतर बघू," काका म्हणाले. चाक चढवून त्यांनी ते हाताने फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं, आणि आम्ही तिघं खुळ्यासारखे बघत बसलो.

रविवारी ताई आली. चावीचा विषय निघायच्या आत काका म्हणाले, "एक फेरी मारू, मग काय ते ठरव." ताई आणि मी मागे बसलो. मोठ्या सरळ रस्त्याला लागल्यावर काकांनी स्टिअरिंगवरची पकड क्षणभर सैल केली. गाडी रेषेत सरळ चालत राहिली. आरशात ते ताईकडे बघत होते. ताई म्हणाली, "बाबा, समोर बघा." मला कळलं की चावी आता काही मागितली जात नाही.

चौकाशी एक रिक्षा आडवी घुसली. मावशीचा पाय सवयीने पुढे गेला, आणि गाडीने असा गचका खाल्ला की ताईचा चष्मा माझ्या मांडीवर आला.

मावशीने आधी आपल्या पायाकडे पाहिलं, मग काकांकडे. "जोडलात?"

"सकाळी. तुम्ही तिघी चहा घेत होतात तेव्हा."

"कशाला?"

"हात आज बरे आहेत," काका म्हणाले. "उद्याचं काय सांगावं. तुझा पाय असू दे."

मावशीने चटकन तोंड खिडकीकडे वळवलं. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. काकांनी गिअर टाकला, तशी ती नाक ओढत म्हणाली, "आधी आरसा बघा. मागे बस आहे."