न मरणारी कुणबीण

रेवदंड्याच्या एका बड्या घराण्यानं जुनं दप्तर वाचायला मला बोलावलं, तेव्हा वाळवी माझ्याआधी तिथं पोचून अर्धी पेशवाई वाचून मोकळी झाली होती. एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. मोडी वाचणारे तेव्हा गावोगाव होते. पण माझ्याइतकं झरझर वाचणारा मुंबईपासून गोव्यापर्यंत दुसरा नव्हता. हे मीच सगळ्यांना सांगून ठेवलं असल्यामुळे सर्वांना माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी एका वाटणीपत्रात कुणबीण निघाली. कुणबीण म्हणजे विकत आणलेली दासी. दोन भावांत नारळीची झाडं वाटली, पोफळी वाटल्या, दोन म्हशी वाटल्या, आणि त्याच ओळीत ही. आधीच्या कागदांचा रुमाल सोडला, त्यातही ती. नंतरचा सोडला, त्यातही तीच. घर तेच, नाव तेच. एका कागदात केस पिकलेले, पुढच्यात वय चौदा! मी बोटांवर वर्षं मोजली. ही बाई त्या घरात एकशेचाळीस वर्षं दळत होती.

असली गोष्ट पोटात ठेवली असती तर मला फोड आले असते. मी थेट धक्का गाठला. मचव्याची वाट बघत पाचपंचवीस माणसं बसलेलीच होती.

"मरतच नाही हो! म्हातारी झाली की सापासारखी कात टाकते, की पुन्हा चौदाची! अजून त्या घराच्या वाडीतल्या विहिरीवर असते."

"तुमी पाह्यलीत?" एका कोळ्यानं विचारलं.

"पाहिली? तिच्या हातचं पाणी प्यालोय!"

"मंग अजून जिते कसं तुमी?"

"कोण म्हणतं जिवंत आहे म्हणून?"

धक्का हसून हसून समुद्रात पडायचा राहिला. पण आठ दिवसांत बायका भर दुपारीसुद्धा त्या विहिरीकडे फिरकेनाशा झाल्या. आणि खरं सांगायचं तर, पडवीत एकटा वाचत असताना पलीकडे रहाट करकरला की, भूत मी स्वतः घडवलेलं असूनही, माझ्या अंगावर काटा येई.

रहाटाचा बैल हाकायला एक म्हातारी होती. एके दिवशी ती येऊन पायरीखाली उभी राहिली.

"भाऊ, ती कुणबीण माज्या आजीची आय. ती मेली न्हाय म्हणता, ते खरं हाय?"

मी हसायच्या तयारीत होतो.

"मेली न्हाय, तर अजून ह्याच घरात राबते का? एवढं कागदातून काढून द्या. मी जायच्या आधी मला ठावं व्हायला पायजे."

मग मी ते कागद जन्मात पहिल्यांदा हळू वाचले. एकीच्या कपाळावर गोंदण. दुसरीचा डावा कान फाटलेला. तिसरी उजव्या पायानं अधू. चौथी चौदा वर्षांची, गलबतातून उतरवलेली. नाव एक, बायका चार.

घरमालकांना विचारलं. ते सुपारी कातरत होते.

"पद्धतच होती आमच्याकडे. कोणीही आणली तरी नाव तेच. हाक मारणाऱ्याला सोपं."

"आणि त्यांची आईबापांनी ठेवलेली नावं?"

"ती कोण लिहून ठेवणार?"

मी त्यांची मरणं शोधायला बसलो. म्हैस मेल्याची नोंद सापडली, कोणत्या रोगानं मेली तेही सापडलं. ह्या चौघींपैकी एकीच्याही नावापुढे 'मेली' असं लिहिलेलं नव्हतं. एक कागदातून नाहीशी होते, दुसरी येते. बस्स.

विहिरीवर गेलो. चौघींची वर्णनं सांगत गेलो. 'अधू' म्हणताच म्हातारीनं बैल थांबवला.

"हीच. लंगडी व्हती, आजी सांगायची. मेली?"

"मेली."

"कशावरनं?"

घरानं सुतक पाळलं, समुद्रकाठी चंदन जाळलं, असं काय वाटेल ते सांगता आलं असतं मला. जिभेवर आलंही होतं.

"चौथी आणली, त्यावरून."

रहाटाच्या मडक्यांतलं पाणी विहिरीत परत ठिबकत राहिलं.

"म्हंजे माजी सुटली," ती म्हणाली. डोळ्यांना पदर लावला, बैलाच्या पाठीवर हात ठेवला, हाकणार तोच पुन्हा वळली.

"आन ती पोर?"

"कुठली?"

"चवथी. गलबतातली. ती सुटली का?"

कंपनी सरकारनं पुढे असली खरेदी बंद केली. चौथीनंतर त्या घरात कोणालाच आणलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

"म्हंजे तिच्या जागी कोन आलीच न्हाय. ती अजून आतच हाय," म्हातारी म्हणाली आणि घराच्या मागच्या दाराकडे बघू लागली. मीही बघितलं. नको होतं बघायला.