पाकिटावर माणसाचं नाव नसतं

"पाकिटावर औषधाचं नाव असतं, माणसाचं नसतं. चिठ्ठी दाखवा."

आमच्या बाजूच्या मेडिकलमधले सर हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणत, देव जाणे. म्हणता म्हणता समोरच्याने टाकलेलं गोळ्यांचं रिकामं पाकीट दोन बोटांनी काउंटरवरून परत सरकवत. असं रिकामं पाकीट घेऊन तुम्हीही कधीतरी मेडिकलवर गेला असालच. आपण सगळेच जातो. घरातल्या डब्यात ते सापडतं, काउंटरवर टाकायचं आणि म्हणायचं, "हीच द्या." बहुतेक दुकानं देतात. सर देत नसत.

द्रोणागिरीत, बंदराजवळच्या नव्या वस्तीत, माझं चष्म्याचं दुकान आहे, मेडिकलला लागून. मध्ये प्लायवुडची एक पातळ भिंत, त्यामुळे तिकडची शिंकसुद्धा मला ऐकू येते. मेडिकल शेठचं. पण कायद्याने मेडिकलमध्ये रजिस्टर्ड फार्मासिस्ट हजर लागतो, म्हणून शेठने सरांना ठेवलेलं. या धंद्यातली गंमत तुम्हाला ठाऊक असेल. अनेक ठिकाणी भिंतीवर सर्टिफिकेट टांगलेलं असतं आणि त्या नावाचा माणूस भलतीकडेच नोकरी करत असतो. सर मात्र आपल्या सर्टिफिकेटच्या बरोब्बर खाली खुर्ची टाकून बसत. जेवायला उठले की चिठ्ठीची औषधं बंद. शेठ कावायचा, "अहो सर, गिऱ्हाईक थांबतं का एवढा वेळ?"

"सांगा की त्याला, मी जेवतोय म्हणून," सर म्हणायचे. साताऱ्याकडचे. आवाज कधी चढला नाही, पण हललेही नाहीत कधी.

पोर्टावरचे ट्रक ड्रायव्हर कफ सिरप मागायला येत. ते नशेसाठी, हे सगळ्यांना ठाऊक. "सर, खांसी है." सर म्हणत, "खांस के दिखाओ." मग तो दांडगा गडी आज्ञाधारकपणे खोकायचा आणि सर डोळे मिटून ऐकायचे. गाण्याच्या परीक्षेला बसवल्यासारखं. शेवटी निकाल ठरलेला, "ऊपर डॉक्टर है. चिठ्ठी लाओ."

एकदा माझा घसा बसला. अँटिबायोटिक मागायला गेलो, तर मलाही तेच. मी चिडून म्हटलं, "अहो, शेजारी आहे मी तुमचा!"

"म्हणून तर समजावून सांगतोय. दुसऱ्याला नुसतं हाकललं असतं."

ते स्वतः तापाने फणफणले तेव्हाही वर डॉक्टरकडे रांगेत बसले, चिठ्ठी आणली, काउंटरच्या आत गेले आणि चष्मा लावून ती नीट वाचली. मी प्लायवुडवर टकटक करून विचारलं, "काय सर, स्वतःलाही चिठ्ठी मागितली?"

"मागितली. होती म्हणून दिली."

असा माणूस. मला तो हट्टी वाटायचा, आणि आवडायचाही.

जवळच्या मोऱ्याहून एक कोळीण दर महिन्याला यायची. मासळीची पाटी रिकामी झाली की वडिलांची हृदयाची औषधं घेऊन घरी. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणायची, त्यामुळे सरांची लाडकी. गोळी कशी घ्यायची, कशाबरोबर घ्यायची नाही, ते तिला बसवून सांगत आणि तिच्याकडून परत म्हणवून घेत.

गेल्या गणपतीत ती आली ती रिकामं पाकीट घेऊन. सरांनी ते परत सरकवलं. ती पायरीवर बसली.

"सर, चिठ्ठी गावत नाय घरात. वरचा डॉक्टर गावाला गेलाय, दवाखाना बंद हाय. दर महिन्याला तुमीच देता ना मना? माज्या बाला तुमी नाय वलखत?"

ओळखत होते ना. तिथेच घात झाला. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना जे बजावलं, ते त्या दुपारी सरांना स्वतःला आठवलं नाही. त्या पाकिटावर त्यांना म्हाताऱ्याचं नाव दिसलं असावं. त्यांनी बिल केलं आणि गोळ्या दिल्या.

डॉक्टरांनी ती गोळी आधीच बंद केली होती. तिच्याजागी तेच काम करणारी, दुसऱ्या नावाची गोळी सुरू केली होती, आणि ती आपल्याकडच्या सॅम्पलमधूनच दिली होती. त्यामुळे त्या बदलाची चिठ्ठी कधी दुकानापर्यंत आलीच नाही, आणि जुनी बंद करायची हे घरातही कोणाला कळलं नव्हतं. म्हातारा दोन्ही गोळ्या घेत राहिला. ठोके मंदावत गेले, आणि घरचा गणपती उठायच्या आधी म्हातारा गेला.

म्हाताऱ्याच्या पुतण्याने तक्रार केली. औषध निरीक्षक येणार असं कळलं, तेव्हा शेठने भर दुपारी शटर अर्धं ओढलं. मला सगळं ऐकू येत होतं.

"सर, टेन्शन घेऊ नका. बिल मी कॉम्प्युटरमधून उडवतो. आजूबाजूला एवढी मेडिकल आहेत, कुठूनही घेतली असेल तिने. पाकिटावर काय आपल्या दुकानाचं नाव आहे?"

सर म्हणाले, "मी दिली. चिठ्ठी न बघता दिली."

"अहो, रजिस्ट्रेशन जाईल तुमचं! या वयात कोण उभं करेल?"

"जाईल."

निरीक्षकालाही त्यांनी हेच सांगितलं, त्याच दोन वाक्यांत. मला त्यांचा भयंकर राग आला. गप्प बसले असते तरी निभावलं असतं.

मग एक दिवस म्हणाले, "मोऱ्याला सोडता का?" मी स्कूटरवर घेऊन गेलो. जेट्टीच्या अलीकडे तिचं घर. सर दारातच उभे राहून म्हणाले, "माझ्या हातून चूक झाली." ती जाळ्याशी बसली होती. तिने वर बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, ते जास्त वाईट होतं.

"तुमी नसत्या दिल्या, तर मी दुसऱ्या दुकानातशी आनल्या असत्या, सर."

सर म्हणाले, "मग तो दुसरा आज इथं उभा असता. मी नसतो."

चहा न घेता आम्ही निघालो.

सुनावणी झाली, रजिस्टरवरून नाव काढलं. काही काळापुरतं म्हणे, पण त्यांच्या वयाला तो काळ कायमचाच. शेठने भिंतीवर दुसरं सर्टिफिकेट लावलं. त्या नावाचा माणूस मी अजून पाहिलेला नाही. गोळ्या मात्र आता पटापट मिळतात. रिकामं पाकीट टाका, भरलेलं घ्या. सर न्हावा शेव्याकडे एका कंटेनर यार्डात गेटवर बसू लागले.

चष्म्याचा नंबर वाढला म्हणून ते माझ्याकडे आले, तेच त्यांचं आजवरचं शेवटचं येणं. काचा बसवायला वेळ होता, ते बाकावर बसले होते. तेवढ्यात मेडिकलमधून बाहेर पडलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी काचेतून त्यांना ओळखलं आणि आत आल्या. पिशवीतून दोन पाकिटं काढून समोर धरली. "बरं झालं भेटलात, सर. यातली सकाळची कुठली हो? तिथं कोणी सांगेना."

सरांनी पाकिटं घेतली, डोळ्यांजवळ नेऊन वाचली. त्यांना कळलं होतं, हे मला दिसत होतं. ओठ हललेसुद्धा. पण पाकिटं त्यांनी परत बाईंच्या हातात दिली.

"मला सांगायचा अधिकार नाही, मावशी. चला, डॉक्टरांना विचारू."

आणि बाईंचा हात धरून त्यांना जिन्यावरून वर घेऊन गेले. काचा बसवून झाल्या तरी पत्ता नाही, म्हणून मी चष्मा घेऊन वर गेलो. दवाखान्यात ही गर्दी. एका वाक्याच्या उत्तरासाठी सर मावशींच्या शेजारी रांगेत बसले होते. त्यांचा नंबर आला तेव्हा कंपाउंडर, नवीनच होता तो, सरांकडे बघून म्हणाला, "आत एकालाच सोडतो. तुम्ही पेशंटचे कोण?"

सर अर्धे उठले होते, ते परत खाली बसले.

"कोणी नाही," ते म्हणाले, आणि मावशींना आत पाठवून त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.