व्हॉल्वखालची घागर

पाणी खात्यात माझ्या कानाला मोठा मान होता. लोखंडी गज रस्त्याला टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं आणि खाली पाइप कुठं फुटलाय ते सांगायचं. खोदलं की पाणी बहुतेक तिथंच निघायचं. या कानाचा मला गर्व होता. गर्वाचं घर खाली, हे फार उशिरा कळलं.

भूकंपात माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, घर दगडमातीखाली गेलं. नवरा गेला, लेक गेली. ती स्वतः दीड दिवस ढिगाऱ्यात होती. उशाशी रांजण फुटला होता आणि त्यातलं पाणी थेंब थेंब गळताना तिला ऐकू येत होतं, पण तोंड तिथवर पोचत नव्हतं. बाहेर काढल्यावर तिनं आधी पाणी मागितलं, मग लेकीचं विचारलं. याची लाज तिला जन्मभर वाटली.

पुढं ती लातुरात आली आणि शहराच्या कडेला एका वस्तीत पत्र्याच्या खोलीत राहिली. वस्तीत नळ नव्हता. पण शेजारच्या चेंबरात मोठ्या लाइनीचा व्हॉल्व गळायचा. आक्कानं त्याच्याखाली घागर लावली, मग बाकीच्या बायांनीही लावल्या. गळणारं पाणी जमिनीवर पडलेलं तिला बघवत नसे.

मग शिकवण्यांचं पीक आलं. निलंग्याची, नायगावची, कुठकुठली पोरं डॉक्टर व्हायला आली आणि ज्वारीच्या रानात होस्टेलं उभी राहिली. पाणी होतं तेवढंच. साहेब म्हणाले, गळती बंद करा, तेच आपलं नवं धरण. यादी मी केली. आक्काचा व्हॉल्व वगळला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण बहिणीसाठी लबाडी केली असं कुणी म्हणायला नको, हा माझा माज.

आवळायला गेलो तेव्हा ती घागर घेऊन उभीच होती.

"गळतंय म्हंजे वाया जातंय व्हय रे? माझ्या घागरीत पडतंय की."

"आक्का, वस्तीला नळ येणार हाय. साहेबांनी शब्द दिलाय."

"बरं बाबा. तुला ठावं."

मी नट आवळला. थेंब थांबला. तिनं रिकामी घागर उचलली आणि घरात गेली.

नळ आला नाही. वाचलेल्या पाण्याच्या भरवशावर वरच्या अंगाच्या होस्टेलांना नवी कनेक्शनं मिळाली आणि त्यांनी लाइनीलाच मोटारी लावल्या. मी विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" आड कुणी उपसला ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आक्का एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. तिथून ती रोज एक कॅन पाणी घरी आणू लागली. एके दिवशी मॅनेजरनं गेटवरच कॅन ओतायला लावला आणि पाणीचोर म्हणून तिला कामावरून काढलं. हे मला तिनं नाही, शेजारणीनं सांगितलं.

माझं डोकं फिरलं. पाणी सुटायच्या दिवशी सकाळीच पाना घेऊन चेंबरात उतरलो. नियम गेला खड्ड्यात. ज्या हातानं नट आवळला होता त्याच हातानं सैल केला. एक फेरा, दोन फेरे, तीन.

मला बघून आक्का घागर घेऊन आली आणि चेंबरच्या काठावर बसली.

"ठिवू का खाली?"

थेंब आला नाही. मी गज लाइनीला टेकवला आणि कान लावला. आत पाणी नव्हतंच. वरच्या मोटारींची घरघर तेवढी येत होती.

"काय म्हणतंय?" आक्कानं विचारलं.

मी कान काढला नाही. काढला असता तर तिच्याकडे बघावं लागलं असतं.