गुलाबरावांनी जावयाला खाली उतरवलं

डोणगावच्या गुलाबरावांनी एकतीस वर्षं ट्रक चालवला, आणि एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही. गाण्याचा शौक म्हणाल तर दांडगा. पहाटे भजन, दुपारी जुनी सिनेमातली गाणी, आणि चढावर गाडी कण्हायला लागली की स्पीकर बंद. गाणं लावायचं ते स्टार्टर मारायच्या आधी. चाक फिरायला लागलं की मोबाइलला हात नाही, मग पुढचं गाणं कितीही रडकं लागो. आवाज एवढाच, की मागच्या मोटारसायकलीचा हॉर्न ऐकू यावा. कानात काही खुपसणं तर त्यांना पापच वाटायचं. चौकातला पोलीस पावती फाडतो ते वेगळंच. "गाडी बोलते रे बाबा," ते म्हणायचे, "तिचं आयकून तर घ्या."

असा माणूस, पण जावयापुढे त्याचं तोंड शिवलेलं. जावई म्हणजे पाहुणा. त्याला अरे-तुरे नाही, वरचा आवाज नाही, तो जेवायला बसला तर आधी त्याचं ताट. गुलाबरावांच्या घरात हे कुळाचारासारखं पाळलं जायचं. जावई ज्ञानेश्वर लोणारचा, नवीनच लायसन काढलेला, आठ महिने घरी बसून. ट्रकचे मालक चंद्रशेखरशेठ म्हणाले होते, "गुलाबराव, दुसरी गाडी त्याले देतो. पन तुमी एक फेरी त्याच्या बाजूले बसा अन् मले सांगा. तुमचा शब्द आला की चाबी दिली." लेकीचा, पूनमचा, सगळा जीव त्या चाबीत अडकलेला.

दिवाळीनंतर डोणगावला सोयाबीन भरलं आणि दोघं सकाळीच चिखलीला निघाले. ज्ञानेश्वरनं गाडी गेटाबाहेर काढली आणि दोन्ही कानांत मोबाइलची ती पांढरी बोंडं घातली. गुलाबरावांनी पाहिलं. राग आला तो गिळला.

"जवाईबापू, ते कायले? अथी स्पीकर हाये नं."

त्याला ऐकूच आलं नव्हतं. जावई मान डोलवत, स्टेअरिंगवर बोटांनी ठेका धरत चालला होता.

मेहकर मागे पडलं. पुढे रस्त्याचं काम चाललेलं, कडेला खडी पसरलेली. समोरून एसटी आली तशी ज्ञानेश्वरनं गाडी खडीवरून नेली आणि परत डांबरावर घेतली. तेव्हापासून मागून आवाज यायला लागला. खट. खट. खट. गाडी वेग धरी तसा तोही वेग धरी. गुलाबरावांचे कान ताठ झाले. मागच्या जोडचाकांच्या मधे दगड अडकला होता. ड्रायव्हरच्या जातीला हा आवाज आईच्या हाकेसारखा ओळखता यायला पाहिजे. असा दगड निसटला की गोफणीतून सुटल्यासारखा मागच्यावर जातो.

त्यांनी जावयाच्या खांद्याला हात लावला. त्यानं एका कानातलं बोंड काढलं.

"काय मामा?"

"चाकात दगड हाये. गाडी बाजूले घ्या."

"पुढं धाबा येऊन राह्यला. तथी पाहू." आणि बोंड परत कानात.

गुलाबराव आरशात बघू लागले. मागे मोटारसायकल. माणूस, त्याच्यामागे बाई, पुढे टाकीवर लाल टोपरं घातलेलं लेकरू. हॉर्न वाजवून वाजवून वाट मागत होते. खट खट खट खट. आणि मग एकदम काहीच नाही. मागे काच फुटल्याचा आवाज झाला. आरशात मोटारसायकल डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, आणि कडेच्या खडीत जाऊन कशीबशी उभी राहिली. ज्ञानेश्वरची मान अजून डोलतच होती.

"अबे थांब!" गुलाबरावांनी त्याच्या कानातलं बोंड उपटून काढलं. "थांब बे बह्याडा! मानूस मारतं काय?"

गाडी थांबली. गुलाबराव मागे पळत गेले. दगड हेडलाइटला लागला होता, लेकराच्या कपाळापासून वीतभर खाली. लेकरू भेदरून रडत होतं, बाईनं त्याला छातीशी धरलं होतं, आणि तो माणूस गुलाबरावांच्या आईबहिणीचा उद्धार करत होता. गुलाबरावांनी हात जोडून सगळं ऐकून घेतलं. नवीन काच बसवून देतो म्हणून नाव-गाव लिहून दिलं. एकतीस वर्षांत असं ऐकून घ्यायची ही पहिलीच वेळ.

परत आले आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. "उतर खाली."

"मामा, मी काई लावनी नोतो आयकत. भजन होतं."

"तं मंग देवाले काऊन बदनाम करतं? लेकरू मेलं असतं तं काय सांगतलं असतं, नामस्मरन करत होतो म्हून?"

"इंजिनच्या आवाजात काई आयकू येत नाई, म्हून तं कानात घालतो."

"इंजिनचा आवाजच आयकाचा असते! उतर म्हनलं नं!"

पुढे गाडी गुलाबरावांनीच चालवली. चिखलीला माल उतरला आणि जावई तिथूनच जीप पकडून लोणारला गेला.

संध्याकाळपर्यंत घरात वणवा. जनकाबाई पोथी वाचायला बसल्या होत्या, ती मिटून त्या नवऱ्यावर धावून आल्या. "जवायाले बे म्हनलं तुमी? अन् गाडीतून उतरोलं? रस्त्यावर? पोरीनं तथी कसं राहावं आता?" व्याही शेषरावांचा फोन आला : मानपान राहिला नाही तर येणंजाणं राहील का ते पाहा.

चौथ्या दिवशी गुलाबराव टोपी-दुपट्टा घेऊन, जनकाबाईंना घेऊन एसटीनं लोणारला गेले. सगळ्यांसमोर जावयाच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर दुपट्टा टाकला, वाकून हात जोडले. "बे म्हनलो, चुकलो. माफी द्या."

शेषराव खूश झाले. "झालं गेलं सोडा, व्याहीबुवा. आता शेठले फोन लावा. सगळे बसले हायेत तं होऊन जाऊ द्या."

गुलाबरावांनी फोन लावला. स्पीकर चालू केला, म्हणजे मागून कुणी काही म्हणायला नको.

"बोला गुलाबराव. देऊ का चाबी?"

"नाई शेठ. याच्या हाती नका देऊ."

ज्ञानेश्वरनं डोक्यावरची टोपी काढून खाटेवर टाकली. शेषराव उठून उभे राहिले. "म्हंजे हे माफी मांगाले आले का इज्जत काढाले?"

"बे म्हनलो त्याची माफी मांगतली," गुलाबराव फोन खिशात टाकत म्हणाले. "गाडीतून उतरोलं त्याची नाई मांगत. जवाईबापू, सहा महिने माह्या बाजूच्या शीटवर बसा. कान उघडे ठेवून. चाकातला दगड तुमी मले सांगाल त्या दिवशी मीच शेठले फोन लावतो."

"क्लीनरच्या शीटवर? मी?" ज्ञानेश्वर दार आपटून बाहेर गेला. जनकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. चहा कुणी दिला नाही, कुणी मागितलाही नाही. दोघं चपला घालायला लागली.

पूनम स्वयंपाकघरातून बाहेर आली. डोळे लाल, ओठ दाबलेले. ती बापाच्या पाया पडली नाही, त्याच्याकडे तिनं बघितलंही नाही. दाराच्या चौकटीला धरून फक्त म्हणाली, "कोन्या दिवशी पाठवू त्याईले गाडीवर?"